सीटवालीचा बेस

२ मार्च, रविवार

मेहुण्याची बदली झाली. मेहुणा दादाचा, म्हणजे वहिनीचा धाकटा भाऊ. दादाच्या बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा. दादा गिटार वाजवतो, गातो आणि सगळ्यांना ओरडतो. मी दर रविवारी तालमीला आमची पुढची खोली देते, चहा देते आणि वाद्यांच्या उसवलेल्या पिशव्या शिवून देते. बेसचा मुक्काम मात्र कायम आमच्याकडेच, कारण मेहुण्याच्या बायकोला तो घरात नको होता. मालक नसला की मी हात मारायची. आधी आईच्या चोरून, मग आईसमोर, आणि आता कित्येक वर्षं रोज.

आज सगळे सुतकात बसल्यासारखे बसले होते. मंडईमागचा नाचाचा हॉल पुन्हा सुरू होतोय आणि दर शनिवारसाठी त्यांना बँड हवाय. २६ एप्रिलला आमची परीक्षा. हॉलची मालकीण दादाला म्हणाली, टाळ्या सगळेच वाजवतात, मला खुर्च्या रिकाम्या झालेल्या बघायच्या आहेत. आणि नेमका आत्ता आमच्याकडे बेस नाही.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, मी वाजवते. कोणी हसलं नाही, हे हसण्यापेक्षा वाईट. दादा म्हणाला, "बरं, तात्पुरतं बघू. खरा माणूस मिळेपर्यंत." मी काय खोटी आहे? ड्रम वाजवणारा मात्र काही न बोलता ड्रमवर जाऊन बसला आणि सुरूच झाला. त्याला आम्ही हुंकार म्हणतो, कारण काहीही विचारा, उत्तर एकच: हं.

मला ही जागा हवी आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला माझ्यापाशीच नाही म्हणता येणार नाही. सेहेचाळीस वर्षांत मी कशासाठी हात वर केल्याचं आठवत नाही.

४ मार्च

आमच्या सीटा बनवायच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर तीन-तीन जणांच्या मागच्या सीटा. बसच्या मागच्या सीटांवर लोक काय करतात देव जाणे, फोमचा पार भुगा होतो. मशीनच्या आवाजावर मी मनातल्या मनात फंक, म्हणजे आमचा बँड वाजवतो ते नाचाचं संगीत, वाजवत होते. फंकची गंमत लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं नाचायला लावतो तो ड्रम. अहो, नाचायला लावतो बेस, ड्रम फक्त साक्षीला असतो.

माझ्या रेकॉर्डवरच्या वादकांना मी माझीच नावं ठेवली आहेत. एकबोट्या आहे, तो सगळं एका बोटाने वाजवतो असं वाटतं, आकडा अडकवून ओढावं तसं. ठोकबाई आहे, ती अंगठ्याने तार हाणते आणि दुसऱ्या बोटाने खालून उपटते, ऐकताना आपल्याच मानेला झटका बसतो. पण माझा देव म्हणजे मुका. चार मोजायचे असतील तर तो "एक"वर असा उतरतो की जमीन दबावी, आणि मग जवळजवळ काहीच करत नाही. त्या काहीच न करण्यात माणूस खुर्चीत चुळबुळायला लागतो. आमच्याकडे गादीला बटण टाकतात तसंच ते. एक बटण नेमक्या जागी खोल ओढलं की बाजूचा फोम आपोआप फुगतो. सगळीकडे बटणं टाकली तर ती गादी राहत नाही, फळी होते.

मेहुण्याच्या जुन्या बेसमध्ये मुक्याचा आवाज आहे. तसाच आखूड, जाड, "ढुप्" असा. नशीब माझं.

९ मार्च, रविवार

तालीम झकास. दादा म्हणाला, ठीक आहे. दादाच्या तोंडून ठीक म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे.

आई नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून स्पीकरला पाठ लावून बसली. म्हणते पाठ शेकते. स्पीकर गरम होत नाही, हे तिला कितीदा सांगितलं.

हुंकारचं मात्र मला काही झेपत नाही. सबंध वेळ माझ्या उजव्या हाताकडे बघत असतो. चुका मोजत असणार. बघू दे.

१२ मार्च

आज सुट्टी. बेसची साफसफाई काढली. मेहुण्याने त्याला जन्मात फडकं लावलं नव्हतं. मळ निघाला तो सांगण्यासारखा नाही. तारा जिथे खाली बसवतात तिथे एक पत्र्याचं झाकण आहे, ते उघडलं तर आत तारांच्या खाली काळी चिकट पट्टी, हात लावला की भुगा. काढून टाकली, स्पिरिटने पुसून घेतलं. नव्या तारा आणून चढवल्या. आता काय चकाकतोय. आई म्हणाली, नवरीसारखा दिसतो.

१६ मार्च, रविवार

काय झालं कळत नाही. तार छेडली की "टंऽऽग" करून वाजतच राहते. माझ्या मोकळ्या जागा सगळ्या त्या घंटेने भरून गेल्या. जसं कोणी मोरीत भांडी आपटतंय. दादाने गाणं मध्येच थांबवून विचारलं, हे काय. मी म्हटलं बेसला काहीतरी झालंय. तर म्हणतो कसा, नाचता येईना अंगण वाकडं. सगळ्यांसमोर.

मला वाटलं नव्या तारांचा दोष. चहा व्हायच्या आत जुन्या तारा परत चढवल्या. थोडा फरक पडला, पण घंटा ती घंटाच. म्हणजे बेसच गेला. जुनं लाकूड, स्पिरिटने पुसलं म्हणून बिघडलं असेल.

हुंकार जवळ आला, ते पत्र्याचं झाकण बोटाने ठोकलं आणि विचारलं, "इथे काही होतं?" मी म्हटलं कचरा होता, काढला. तो म्हणाला, हं. आधीच माझं डोकं फिरलेलं, त्यात ह्याच्या चौकशा. तोंड फिरवून चहा करायला गेले.

आई अर्ध्यातच उठून आतल्या खोलीत जाऊन पडली. आज पाठीला काही लागलंच नाही म्हणे.

२२ मार्च

वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस, म्हणाला बसा आणि हवे तितके वाजवून बघा. भिंतीवर इतके बेस टांगलेले की माझी लग्नाळू मुलाच्या आईसारखी अवस्था. प्रत्येकात काहीतरी आहे आणि प्रत्येकात काहीतरी नाही.

पहिला, काळा, जडशीळ. मान मॅपलच्या लाकडाची, फिकट. आवाज स्वच्छ, टोकदार, ठोकबाई असती तर मिठी मारली असती. मला चालणार नाही, हा प्रत्येक शब्द सुटा उच्चारतो. दुसरा आतून पोकळ, वजनाला फुलासारखा, आवाज उबदार, पण मोठ्याने वाजवला की स्वतःच घुमायला लागतो. ह्याला गप्प कोण करणार? तिसऱ्यात बॅटरी. बटणं फिरवली की खालचा आवाज वर, वरचा खाली, मधला कुठेतरी तिसरीकडे. अर्धा तास मी फक्त बटणंच फिरवत होते. चौथ्याची मान आखूड, माझ्या बोटांना अगदी मापाची, आणि "एक" खरंच छान पडतो. पण पडल्यावर उठून निघून जात नाही, रेंगाळतो.

दुकानदाराने विचारलं, तुम्हाला नक्की कसा आवाज हवाय? मी म्हटलं, सोफ्यावर कोणीतरी दाणकन बसावं तसा. तो परत भिंतीकडे बघायला लागला.

३० मार्च, रविवार

आज दादाने "खरा माणूस" आणला. पाच तारांचा बेस घेऊन आला, म्हणून मी त्याला पाचतारी म्हणते. मुलगा वागायला चांगला, मला वाकून मावशी म्हणाला, तिथेच अर्धी मेले. आणि वाजवतो कसा! बोटं दिसत नाहीत. वर जातो, खाली येतो, अंगठ्याने हाणतो, मध्ये दोन तारा एकदम वाजवतो. दादाचे डोळे लकाकले. मीही बघत राहिले, खोटं कशाला लिहू.

मग आम्ही तेच गाणं वाजवलं, आधी तो, मग मी. माझी भांडी वाजली. दादा जाताना दारात म्हणाला, तेरा तारखेला दोघं पुन्हा वाजवा, तेव्हा ठरवू. मला सख्ख्या भावाने तारीख दिली. आपलेच दात, आपलेच ओठ.

रात्री रडले. बस्स, एवढंच लिहायचं आहे.

५ एप्रिल

पुन्हा दुकानात. दुकानदाराने आखूड मानेचा बेस दोन आठवडे घरी न्यायला दिला. आईला ऐकवला. तिने पाठ टेकवली, जरा वेळ डोळे मिटून बसली आणि म्हणाली, गार आहे. आता आवाज गार कसा असतो? तिला कशाचं काय सांगणार.

रेकॉर्ड लावून मुक्याशेजारी वाजवून पाहिला. दोन घटकांत कळलं की मी एका नामांकित हॉटेलात बसून घरचं जेवण मागते आहे.

६ एप्रिल, रविवार

पाचतारी नव्हता. तालीम कशीबशी झाली. हुंकारने आज चक्क एक लांब वाक्य उच्चारलं. मोठ्या ड्रमच्या आत टाकायला फोम आहे का तुझ्याकडे? मी म्हटलं आहे, पुढच्या आठवड्यात देते. इथे माझी जागा जातेय आणि ह्याला फोम सुचतोय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

९ एप्रिल

हुंकार आज जेवणाच्या सुट्टीत आमच्या वर्कशॉपच्या दारात हजर. फोम न्यायला. त्याचं चष्म्याचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे एवढ्याशा फोमसाठी दोन बस बदलून आला. मी त्याला तिन्ही प्रकार दाखवले, मऊ, मध्यम, कडक. प्रत्येक तुकडा त्याने दाबून पाहिला आणि मला विचारलं, दाबल्यावर आवाज मेल्यासारखा व्हायला हवा पण पुरता मरायला नको, त्याला कुठला? मी म्हटलं मध्यम. तो म्हणाला, "लहान पट्टीसाठीही मध्यमच?" मी म्हटलं पट्टी कशाला, तुझा ड्रम केवढा आहे. तर हं.

मोठा तुकडा कापून दिला. जाताना म्हणाला, तू छान कापतेस. ह्यात छान काय, वीस वर्षं तेच करते आहे.

१३ एप्रिल, रविवार

सावकाश लिहिते, नाहीतर उद्या मलाच वाचता येणार नाही.

पाचतारी आधी वाजवायला बसला. पुन्हा तीच आतषबाजी. पण ह्या वेळी मी हुंकारकडे पाहिलं, कारण माझ्या फोमचं त्याने काय केलं ते मला बघायचं होतं. मोठ्या ड्रमच्या आत कातड्याला टेकवून ठेवला होता. आणि ड्रमचा आवाज! आधी "ढुंऽऽ" यायचा, आज नुसता "ढुप्". आखूड, जाड, पडला की संपला.

सोफ्यावर कोणीतरी दाणकन बसावं तसा.

माझ्या हातातला चहाचा कप मी कुठे ठेवला मला आठवत नाही. डोळ्यांपुढे ती काळी पट्टी आली. कचरा नव्हता तो. फोम होता! जुना, कुजलेला, पण फोम. तारांच्या खाली कोणीतरी मुद्दाम घातलेला, त्यांनी पुरतं वाजू नये म्हणून. आणि मी, फोम कापून पोट भरणारी बाई, तो ओळखला नाही आणि स्पिरिटने पुसून काढला. मग एक महिना भिंतीवरचे बेस वाजवत फिरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आतल्या खोलीत धावले. माझ्या टोपलीत तुकडे असतातच. मऊ घातला, काही फरक नाही. कडक घातला, तर तार लाकूड ठोकल्यासारखी. मध्यम घेतला, ब्लेडने एक बाजू तिरकी तासली, झाकणाखाली सरकवली आणि तिथेच पलंगावर बसून तार छेडली. स्पीकरला जोडला नव्हता तरी कळलं. पोटात कळलं.

बाहेर येऊन म्हणाले, आता मी. दादाने घड्याळात बघायचा आव आणला. मी काही केलं नाही. "एक"वर उतरले आणि थांबले. पुन्हा "एक", पुन्हा थांबले, मध्ये दोन दाबलेल्या सुरांची नुसती खुसपुस. हुंकारचा ढुप् आणि माझा ढुप् एका जागी पडत होते. कुठला कोणाचा ते मलाही कळेना. खोलीतलं कोणी जागचं हललं नाही आणि सगळ्यांची पावलं हलत होती. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आई आली, स्पीकरला पाठ लावून बसली, आणि मोठ्याने म्हणाली, "आलं बाई ऊन!"

दादा तरीही कां कूं करत होता. म्हणाला, दोघंही छान, पण हॉलमध्ये जरा दिसण्यासारखं वाजवणारा असला तर. तेव्हा हुंकार उठून उभा राहिला. वाद घालायला ड्रमवरून उठलेलं त्याला मी पहिल्यांदाच बघत होते.

तो म्हणाला, "दादा, मी हिचा हात बघून वाजवतो. पहिल्या दिवसापासून. हा मुलगा माझ्यापेक्षा शंभरपट हुशार आहे, पण त्याच्या हातात मला बसायला जागा सापडत नाही. ही नसेल तर दुसरा ड्रमवाला बघा."

पाचतारी बिचारा मनाचा मोठा. म्हणाला, बरोबर आहे, मलाही नाचावंसं वाटलं, माझ्या वाजवण्यावर कधी वाटत नाही. शहाण्याला एवढं दिसतं, माझ्या भावाला वेळ लागला. दादाने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग म्हणाला, तो "तात्पुरतं" शब्द मागे घेतला. मी चहा टाकायला आत गेले आणि तिथे पोटभर रडून घेतलं. आजचं रडणं निराळं.

संध्याकाळी हुंकारला पट्टीची सगळी गोष्ट सांगितली, कसं मला एकाएकी सुचलं वगैरे. तो नुसता हसत होता. हसण्यासारखं त्यात काय होतं कळलं नाही.

१९ एप्रिल

आखूड मानेचा बेस दुकानात परत केला. दुकानदाराला पट्टीबद्दल सांगितलं, जाताना त्याच्यासाठी थोडा फोम कापूनच नेला होता. त्याने तिथल्या तिथे भिंतीवरच्या काळ्या बेसला लावून पाहिला आणि दोघं बराच वेळ ढुप् ढुप् करत बसलो. गिऱ्हाईक येऊन थांबलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

आता सगळ्या बेसबद्दल माझं मत बदललं आहे. कुठलाच वाईट नाही. प्रत्येकाला कुठे गप्प बसवायचं ते कळायला हवं. हे माणसांनाही लागू आहे, पण दादासमोर बोलणार नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आधी हॉल. लांबलचक, लाकडी जमीन, भिंतीला लागून नव्याकोऱ्या गादीच्या खुर्च्यांच्या रांगा. आम्ही वाजवण्याआधी मी दोन-तीन खुर्च्यांवर बसून पाहिलं, शिवण उलटून पाहिली. काम पक्कं, फोम उत्तम, कोणी बसलं तर तासभर उठणार नाही. परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी इतक्या चांगल्या खुर्च्या आणाव्यात?

लोक आले, बसले, आणि बसलेच. पहिल्या गाण्याला टाळ्या चांगल्या पडल्या. मालकीण हाताची घडी घालून दाराशी उभी, खुर्च्यांकडे बघत. दुसऱ्या गाण्यात दादाने सगळी शर्थ केली, लांबच लांब गिटार वाजवली. पुन्हा टाळ्या. एक माणूस उठला, पण तो पाणी प्यायला. दादाच्या कपाळावर घाम. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि मला लहानपणचा दादा दिसला, पतंग झाडात अडकला की असाच बघायचा. म्हणाला, "तू कर काहीतरी."

मी हुंकारला मानेने खूण केली आणि आम्ही दोघांनीच सुरू केलं. ढुप्. आणि काही नाही. ढुप्. आणि काही नाही. बाकीच्यांना मी हाताने थांबवून धरलं होतं. ती मोकळी जागा हॉलभर पसरली आणि मला लोक दिसायला लागले. एका बाईचा गुडघा हलायला लागला. तिच्या नवऱ्याने बूट आपटायला सुरुवात केली, मग लाजून थांबवला, मग पुन्हा सुरू केला. मी आणखी एक सूर काढून टाकला. आता जवळजवळ काहीच उरलं नव्हतं आणि कोणाला गप्प बसवेना.

पहिली कोण उठली असेल? आमची आई. वहिनीला तिने पुढच्या रांगेत, स्पीकरशेजारी जागा धरायला लावली होती. खुर्चीच्या पाठीला धरून उठली, दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत उभी राहिली आणि खांदे हलवायला लागली. माझी आई! जी घरात भांडं पडलं तरी जागची हलत नाही. तिच्याकडे बघून ती गुडघेवाली उठली, मग तिचा नवरा, मग एक सबंध रांग एकदम, शाळा सुटावी तशी. मी बाकीच्यांना आत सोडलं. दादा गायला लागला, आणि देवाशपथ, तो इतका चांगला कधीच गायला नव्हता. मुका असता तर म्हणाला असता... काही म्हणाला नसता. पण हलला असता.

गाणं संपलं तेव्हा मालकीण खुर्च्यांच्या मधून चालत आली. सगळ्या रिकाम्या. दादाला म्हणाली, पुढच्या शनिवारपासून या. मग माझ्याकडे वळून, "आणि ह्या बाईंना आधी पाठवा."

परत येताना दादा सगळ्यांना सांगत होता, बेस माझी बहीण वाजवते. टॅक्सीवाल्यालाही सांगितलं. टॅक्सीवाल्याने विचारलं नव्हतं.

मी आईला म्हटलं, अगं तुझा गुडघा. ती म्हणाली, "खुर्ची चांगली होती गं. पण बसवेना."

वीस वर्षं मी लोकांना बसवायचं काम करते आहे. मला वाटलं होतं, मला तेवढंच येतं.

२७ एप्रिल, रविवार

आज तालीम नाही, सुट्टी. तरी हुंकार आला. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. दारातच म्हणाला, ड्रमचा फोम दबलाय, थोडा आणखी मिळेल का. दोन आठवड्यांत? मध्यम फोम असा दबत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं, असं सारखं दोन बस बदलून येणं बरं नाही, एकदाच सबंध मोठी शीट घेऊन मीच येते तुझ्याकडे, म्हणजे वर्षभराची कटकट मिटेल. पुढच्या रविवारी तालीम संपल्यावर येऊ का विचारलं.

तो म्हणाला, हं. आणि मग जायचंच विसरला. आईने त्याला आत बोलावून स्पीकरशेजारची आपली खुर्ची दिली, जी ती कोणाला देत नाही. आतल्या खोलीत येऊन माझ्या कानात म्हणाली, शीट जरा मोठीच ने, दोघांना पुरेल अशी. कोण दोघं ते मात्र सांगितलं नाही.